रंगावर विसंबू नये : खाऱ्या हवेतली नाणी आणि चुकीच्या धातूचा संशय

कोकण किनाऱ्यावर राहून नाणी जमवणाऱ्या माणसाकडे वर्षभर एकाच तऱ्हेची विचारणा होत राहते. पाच रुपयांचे नाणे तांब्यासारखे लाल दिसते, एक रुपयाच्या नाण्यावर चहाच्या रंगाचे डाग आहेत, दोन रुपयांचे नाणे काळे पडले असून घासूनही उजळत नाही. तेव्हा हे नाणे टांकसाळीत चुकीच्या धातूच्या चकतीवर छापले गेले असेल का, असा प्रश्न रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील मासळी विक्रेत्यांपासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत अनेक जण मला विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण अशी नाणी खरोखर असतात आणि जाणकार संग्राहक त्यांना मोठा मान देतात. परंतु आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर रंगावरून देता येत नाही. ते का देता येत नाही आणि मग कशावरून द्यावे, हे नीट मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

नाणे घडवताना धातूचा पत्रा लाटून ठरलेल्या जाडीचा केला जातो, त्यातून चकत्या कापल्या जातात, त्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात, आम्लात धुतल्या जातात आणि दाब देऊन त्यांची कड किंचित उचलून घेतली जाते. ही कोरी चकती, जिला संग्राहक प्लँचेट म्हणतात, दोन ठशांच्या मध्ये एका पोलादी कड्यात बसते आणि एकाच आघातात नाण्याच्या दोन्ही बाजू व कड तयार होते. त्या कड्याला कॉलर म्हणतात आणि पुढील तपासणीत तिचे महत्त्व फार आहे. या साखळीत चूक मुख्यतः दोन ठिकाणी शिरते. एखाद्या मूल्याच्या चकत्या ज्या पेटीतून वाहून नेल्या, त्या पेटीच्या सांदीत दोन-चार चकत्या अडकून राहतात आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच मूल्याच्या चकत्यांबरोबर ठशाखाली जातात. किंवा चकत्या कापतानाच चुकीचा पत्रा यंत्राला लागतो आणि व्यास बरोबर, पण जाडी किंवा धातू भलताच, असा प्रकार घडतो. तिसरी शक्यता परदेशी चकतीची आहे. मुंबईच्या टांकसाळीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ व १९४३ मध्ये, ऑस्ट्रेलियाची पेनी आणि अर्धी पेनी छापली होती. जिथे दोन देशांचे काम एका छताखाली चालते तिथे ही शक्यता विचारात घ्यावी लागते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे बरेच संशय लगेच मिटतात. ठरलेल्या मापापेक्षा मोठी चकती कॉलरमध्ये सहसा बसतच नाही आणि त्याआधीच्या चाळणीतही ती अडते. लहान चकती मात्र चाळणीतून निसटते आणि कॉलरमध्येही उतरते. म्हणून दुसऱ्या मूल्याच्या चकतीवर छापलेली अस्सल चुकीची नाणी बहुतेक वेळा आपल्या नेहमीच्या भावंडांपेक्षा लहान किंवा हलकी असतात.

आता आपल्या हवेकडे वळू. एक रुपया आणि दोन रुपयांची आजची नाणी ज्या पोलादाची असतात त्यात सुमारे ८३ टक्के लोह आणि १७ टक्के क्रोमियम असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि देशावर, कोरड्या हवेत, हे नाणे वर्षानुवर्षे पांढरे राहते. समुद्राच्या वाऱ्यातून येणारे मीठ नेमके त्या थरावरच आघात करते. मिठातील क्लोराइडमुळे तो थर ठिकठिकाणी फुटतो, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि त्यांच्याभोवती तपकिरी, लालसर डाग पसरतात. मासळीच्या पाटीशेजारी ओल्या बटव्यात राहिलेल्या नाण्यांची एका पावसाळ्यातच अशी अवस्था होऊ शकते. जांभ्याच्या मातीत पडलेल्या नाण्यावर मातीतल्या लोहाचा तांबडा थर बसतो तो वेगळाच. खाडीच्या गाळात, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे गंधकाच्या संयुगांमुळे तांबे असलेली नाणी काळीकुट्ट होतात. रेल्वेतून किंवा पुलावरून खाडीला नाणे वाहण्याची प्रथा आपल्याकडे जुनी असल्याने अशी काळी नाणी ओहोटीच्या वेळी शिंपल्या काढणाऱ्यांच्या हाती नेहमी लागतात.

सर्वांत फसवा प्रकार पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्याचा आहे. या नाण्याच्या मिश्रधातूत ७५ टक्के तांबे, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल असते. खाऱ्या ओलाव्यात यातले जस्त पृष्ठभागावरून आधी विरघळून निघून जाते आणि मागे सच्छिद्र, गुलाबी-लाल तांबे उरते. म्हणजे नाणे खरोखरच वरून तांब्याचे होते, आणि ते पाहणाऱ्याला तांब्याच्या चकतीवर छापल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही. कोकमाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात देवाची भांडी उजळताना त्याच पाण्यात नाणी टाकली गेली तर आम्लामुळेही पृष्ठभागावर अशीच लाली येते. भाट्ये खाडीच्या गाळातून मिळालेले एक पाच रुपयांचे नाणे एका विद्यार्थ्याने मला दाखवले आणि विचारले, "काका, चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे नक्की तांब्याचेच ना?" त्याचा तर्क समजण्यासारखा होता, पण पाच रुपयांचे नेहमीचे पिवळे नाणेदेखील चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेने तांब्याच्या बाजूने काहीच सिद्ध होत नव्हते. भिंगाखाली कडेवरच्या एका जुन्या ओरखड्यात आतला पिवळा धातू दिसत होता, व्यास बरोबर २३ मिलिमीटर होता आणि वजन नेहमीच्या ६ ग्रॅमपेक्षा थोडे कमी भरले. जस्त निघून गेलेल्या नाण्याकडून हीच अपेक्षा असते. शुद्ध तांब्याची तेवढ्याच आकाराची आणि जाडीची चकती उलट थोडी जड भरली असती, कारण तांब्याची घनता या पितळेपेक्षा जास्त आहे.

रंगाला बाजूला ठेवल्यावर पहिले काम असते ते नाण्याचा अधिकृत इतिहास तपासण्याचे. सरकारने धातू बदलला म्हणून वेगळे दिसणारे नाणे हे चुकीचे नाणे नसते, आणि आपल्या देशात धातू इतक्या वेळा बदलले आहेत की जाणकाराचाही गोंधळ उडावा. पाच रुपयांचे नाणे १९९२ पासून तांबे-निकेलचे, २३ मिलिमीटर व्यासाचे आणि ९ ग्रॅम वजनाचे होते व त्याच्या कडेवर खोबण असलेली खास सुरक्षा-कड होती. २००७ च्या सुमारास तेच मूल्य, तोच व्यास, पण पोलाद आणि ६ ग्रॅम वजन आले. २००९ पासून पुन्हा तोच व्यास आणि तेच ६ ग्रॅम (२०१९ ची नवी मालिका येईपर्यंत), पण धातू निकेल-पितळ झाला. म्हणून २००७ चे पांढरे, पातळ पाच रुपये चुंबकाला चिकटले तर ते नेहमीचेच नाणे आहे. या संक्रमणकाळात काही स्मारक नाणी तर तांबे-निकेल आणि पोलाद अशा दोन्ही धातूंत रीतसर निघाली; भारतीय स्टेट बँकेच्या द्विशताब्दीचे २००६ चे नाणे हे त्याचे उदाहरण आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या दीडशेव्या जयंतीचे नाणे २००७ चे, म्हणजे त्याच काळातले आहे, आणि आमच्या गावात ते जिव्हाळ्याने जपले जाते. तेही हातात आले की त्याच्या धातूविषयी काही बोलण्याआधी मी ते काट्यावर ठेवतो.

आजीच्या डब्यातल्या जुन्या रुपयांनाही हाच नियम लागू होतो. १९४० पूर्वीच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे, १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४६ व १९४७ चे रुपये निकेलचे निघाले. वाघाचे चित्र असलेला १९४७ चा रुपया चुंबकाकडे ओढला जातो हे पाहून तो खोटा किंवा चुकीच्या धातूचा आहे असे समजणारी अनेक कुटुंबे मला भेटली आहेत. तो अगदी योग्य धातूचा आहे, कारण शुद्ध निकेल चुंबकाला आकर्षित होते.

यानंतर वजन. स्वयंपाकघरातला काटा या कामाला पुरत नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचन देणारा सराफी काटा हवा आणि सोबत व्यास व जाडी मोजणारा व्हर्नियर कॅलिपर हवा. संशयित नाण्याचे वजन एकट्याने घेऊ नये. त्याच मूल्याची, त्याच सालाची आणि शक्य असल्यास त्याच टांकसाळीची काही साधी नाणी त्याच काट्यावर आधी तोलावीत, म्हणजे काट्याची चूक आणि झिजेची सवड दोन्ही लक्षात येतात. टांकसाळीचे चिन्ह सालाखाली पाहावे: पत्त्यातल्या चौकटीसारखा तिरपा चौकोन मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा आणि काहीच चिन्ह नसेल तर नाणे कोलकात्याचे असते.

समजा, २०१२ सालचे पाच रुपयांचे नाणे पांढरे आहे. ते ६ ग्रॅमऐवजी ३.७९ ग्रॅम भरले आणि चुंबकाला चिकटले, तर ते एक रुपयाच्या चकतीवर छापले गेल्याची शक्यता गंभीरपणे विचारात घ्यावी, कारण २०११ पासून २०१९ ची नवी मालिका येईपर्यंतच्या एक रुपयाचे वजन तेवढेच होते आणि व्यास साधारण २२ मिलिमीटर होता. तेच नाणे ६ ग्रॅम भरून चुंबकाला घट्ट चिकटले, तर पाच रुपयांच्याच मापाची पोलादी चकती वापरली गेली असावी, आणि ते तर फारच महत्त्वाचे ठरेल. पण ६ ग्रॅम भरून चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नसेल, तर पिवळ्या नाण्यावर कोणीतरी पांढरा मुलामा चढवला आहे असे समजावे. वजन आणि चुंबक दोन्ही जोडीने वापरले तरच उपयोगी पडतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

काही ठिकाणी मात्र कोणतीही परीक्षा चालत नाही आणि ते प्रामाणिकपणे मान्य करावे. १९९२ ते २०११ या काळातला पोलादी रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ पासून २०१९ ची नवी मालिका येईपर्यंतचे दोन रुपयांचे नाणे अगदी त्याच मापाचे, त्याच वजनाचे आणि त्याच धातूचे आहे. तसेच जुने पोलादी पन्नास पैसे आणि २०११ च्या मालिकेतला रुपया यांचे. जुन्या रुपयासाठी कापलेली चकती नव्या दोन रुपयांसाठी वापरली गेली असेलही, पण ती ओळखण्याची कोणतीही खूण नाण्यावर उरत नाही. अशा जोडीबद्दल चुकीच्या चकतीचा दावा करून कोणी पैसे मागत असेल, तर तो दावा सिद्ध होऊच शकत नाही.

चकती आपल्या ठशाची नसली की छाप स्वतःच साक्ष देते. मोदकाच्या साच्यात उकड कमी भरली तर कळ्या टोकापर्यंत उमटत नाहीत, तसे लहान चकतीचे होते: धातू कॉलरपर्यंत पोहोचत नाही, कडेवरचे दाते उमटत नाहीत किंवा अर्धवट उमटतात, काठाची अक्षरे कापली जातात आणि नाण्याचा घेर पूर्ण गोल राहत नाही. चकती पातळ असेल तर दोन्ही ठसे पुरेसे जवळ येत नाहीत आणि मधले उठाव फिके पडतात. धातू अपेक्षेपेक्षा कठीण असेल तरीही तसेच होते. या सर्व खुणांत धातू वाहत गेलेला दिसतो. कानशीने घासून लहान केलेल्या नाण्यात तो मध्येच कापलेला दिसतो, आणि भिंगाखाली कानशीच्या समांतर रेघा सापडतात. रुळावर ठेवून चपटे केलेले नाणे रुंद आणि पातळ होते, पण त्याचे वजन बदलत नाही, आणि त्याची अक्षरेही पसरलेली असतात.

शंका उरली तर घनता मोजावी. ही परीक्षा शाळेतल्या आर्किमिडीजच्या तत्त्वावर चालते, नाण्याला इजा करत नाही आणि घरी करता येते. काट्यावर पाण्याने भरलेला लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणावा, नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असे लोंबकळत धरावे आणि काट्यावर जो आकडा दिसेल तो लिहून घ्यावा. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. पोलादाची घनता सुमारे ७.७, निकेल-पितळेची सुमारे ८.५, तांबे-निकेलची आणि शुद्ध तांब्याची सुमारे ८.९, चांदीची १०.५ आणि जुन्या हलक्या पैशांच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूची सुमारे २.७ असते. ६ ग्रॅमचे नाणे पोलादाचे असेल तर काटा ०.७८ दाखवतो आणि निकेल-पितळेचे असेल तर ०.७१ च्या जवळ. फरक लहान आहे, पण सराफी काट्याला तो कळतो. निकेल-पितळ आणि तांबे-निकेल यांच्यातला फरक मात्र याच वजनाला अवघा ०.०३ ग्रॅम येतो, म्हणून ही परीक्षा पुन:पुन्हा करून सरासरी काढावी, नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटकून टाकावेत आणि खोल खड्डे पडलेल्या नाण्याचा निकाल सावधपणे वाचावा. झिजेने वजन बदलते, घनता बदलत नाही. याच कारणासाठी किनाऱ्यावरच्या खराब झालेल्या नाण्यांसाठी मला ही परीक्षा इतर सर्वांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

मुलामा दिलेल्या नाण्यांबद्दल एक हिशेब उपयोगी पडेल. २३ मिलिमीटरच्या नाण्यावर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे बऱ्यापैकी जाड, तांब्याचा मुलामा दिला तरी त्याचे वजन जेमतेम ०.०९ ग्रॅमने वाढते. अशा नाण्याचे वजन आपल्या मूळ जातीच्या वजनाला चिकटून, पण किंचित वर राहते. जत्रेत सोनेरी मुलामा दिलेली देवादिकांची नाणी विकली जातात, ती अशीच असतात आणि ती टांकसाळीची चूक नव्हेत.

या विषयातले जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेचे आहे आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून १९४३ मध्ये तिथला सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा करण्यात आला, पण आधीच्या वर्षाच्या काही कांस्य चकत्या यंत्रांत राहून गेल्या आणि त्यांच्यावर १९४३ चा ठसा उमटला. पोलादी सेंट २.७० ग्रॅमचा, कांस्य सेंट ३.११ ग्रॅमचा. ही मोजकी नाणी प्रचंड किमतीला विकली जाऊ लागताच पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून खोटी नाणी बनवण्यात आली. ती चुंबकाने उघडी पडतात. मग १९४८ च्या अस्सल कांस्य सेंटमधला आठ खरवडून त्याचा तीन करण्यात आला, आणि त्या नाण्यावर चुंबक व वजन दोन्ही हरतात. तिथे आकड्याचा आकारच पाहावा लागतो. आपल्याकडेही सालाचे आकडे भिंगाखाली पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

हा सर्व उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारेल, तर माझे उत्तर असे आहे की नाणे हा टांकसाळीच्या एका विशिष्ट दिवसाचा दस्तऐवज असतो आणि चुकीच्या चकतीवरचे नाणे त्या दिवशी त्या यंत्राशेजारी आणखी कोणते काम चालू होते हे सांगते. म्हणून वजन आणि धातू जुळल्यावरही मी आणखी एक अट घालतो: त्या सालात, त्या टांकसाळीत, त्या मापाची दुसरी चकती प्रत्यक्ष वापरात होती का? तशी चकती त्या काळी कुठेच नसेल, तर नाण्याची आणखी कसून तपासणी करावी.

किमतीबद्दल थोडक्यात. वैष्णोदेवीच्या किंवा अमुक चिन्हाच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे संदेश फोनवर फिरतात आणि त्यांच्यामागे नोंदणी शुल्क मागणारे लोक असतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की जुन्या नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती त्यासाठी शुल्क मागत नाही. अस्सल चुकीच्या नाण्याची किंमत ते स्वतः हाताळून पाहणारा जाणकारच ठरवू शकतो.

संशय कितीही पक्का असला तरी नाणे उजळू नये. कोकम, चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पूड, यांपैकी काहीही लावले की मूळ पृष्ठभाग जातो आणि त्याबरोबर पुरावाही जातो. समुद्राजवळून आलेले नाणे बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस ठेवून पाणी बदलत राहावे, म्हणजे आतले मीठ बाहेर येते. मग न चोळता सुकवावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो, म्हणून ती टाळावीत आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. नाणे कोणाला दाखवायला पाठवायचे असेल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून काढावे, त्याच सालाचे साधे नाणे त्याच चौकटीत ठेवावे आणि सोबत वजन, व्यास, जाडी, घनता, चुंबकाचा परिणाम व नाणे कुठे सापडले हे लिहावे; खाडीत सापडले असेल तर तेही लपवू नये, कारण पाहणारा त्या माहितीवरूनच लालीचा अर्थ लावणार असतो.